शिशाच्या गोळीला कोणती पावडर? रायफलच्या काडतुसामागचं गणित आणि चॅटबॉटची एक चूक

बीजीएमआय खेळताना तुम्ही कधी ना कधी ७.६२ ची गोळ्यांची पेटी उचललीच असेल. गेममध्ये हिशोब एकदम सोपा: ७.६२ ची गन, ७.६२ ची गोळी, विषय संपला. कार९८के लासुद्धा तीच गोळी चालते. खऱ्या आयुष्यात मात्र जर्मन कार९८के रायफल ७.९२ मिलिमीटरचं काडतूस वापरते आणि त्यात दुसरं काडतूस घालून चालत नाही. एवढंच नाही, तर एकाच मापाच्या दोन काडतुसांच्या आत पूर्णपणे वेगळी पावडर असू शकते. दिसायला दोन्ही सारखीच. एक नीट चालेल, दुसरं कदाचित रायफलच फोडेल.

हा विषय माझ्यासमोर आला तो ऑफिसच्या ग्रुप चॅटमधून. आमच्या टीममधला एक जण अमेरिकेत मोंटाना राज्यात राहतो. त्याच्याकडे आजोबांची जुनी लिव्हर अ‍ॅक्शन रायफल आहे, .३५७ मॅग्नम काडतुसाची. तो स्वतः शिसं वितळवून गोळ्या ओततो आणि काडतुसं घरी भरतो. तिकडे हा कायदेशीर छंद आहे. एकदा त्याने एका एआय चॅटबॉटला विचारलं, की एच११० नावाची पावडर वापरायची आहे, सुरुवात किती पावडरपासून करू? उत्तर एकदम टापटीप आलं. छान टेबल, आणि खाली सल्ला: "कमाल आकड्यापेक्षा १० टक्के कमी घ्या आणि हळूहळू वाढवा."

त्याने कंपनीचं छापील मॅन्युअल उघडलं. तिथे स्पष्ट लिहिलं होतं, की ही पावडर ३ टक्क्यांपेक्षा जास्त कमी करायची नाही. चॅटबॉटचा "सेफ" सल्लाच इथे धोक्याचा होता!

मला कोडं पडलं. कमी पावडर म्हणजे कमी ताकद आणि कमी ताकद म्हणजे जास्त सुरक्षित, हे तर साधं लॉजिक आहे ना? मग ते चुकलं कुठे? त्याचं उत्तर शोधता शोधता जे समजलं, ते आज आपण बघूया.

एक गोष्ट आधीच सांगतो. भारतात परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा शस्त्र कायदा, १९५९ नुसार गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. त्यामुळे हा लेख "घरी करून बघा" प्रकारातला नाही. यात एकही रेसिपी नाही. का नाही, तेही शेवटपर्यंत वाचलंत की कळेल.

काडतुसाच्या आत काय असतं?

बोलताना आपण सगळ्यालाच "गोळी" म्हणतो. पण बंदुकीत भरतात ते काडतूस, आणि त्याचे चार भाग असतात. पितळेची नळकांडी, म्हणजे केस. तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, जो ठोका बसला की ठिणगी देतो. केसच्या पोटात पावडर, म्हणजे आपल्या भाषेत बंदुकीची दारू. आणि तोंडाशी बसवलेली गोळी. उडून जाते ती फक्त ही गोळी.

पितळेची केस पुन्हा वापरता येते. म्हणून अमेरिकेत अनेक नेमबाज आणि शिकारी रिकामी केस जपून ठेवतात, नवा प्रायमर बसवतात, पावडर मोजून घालतात आणि नवी गोळी लावतात. याला हँडलोडिंग म्हणतात. काही जण आणखी एक पायरी पुढे जातात आणि गोळीही स्वतःच साच्यात ओततात. ती शिशाची, वर तांब्याचं आवरण नसलेली. हीच कास्ट बुलेट.

वजनाचं एकक इथे "ग्रेन" आहे. १ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, साधारण अर्धी गुंज. यात एक मजेशीर योगायोग आहे. इंग्रजांनी १८३३ मध्ये आपला तोळा ठरवून टाकला तो बरोबर १८० ग्रेनचा. आणि .३०-०६ या प्रसिद्ध अमेरिकन रायफल काडतुसात १८० ग्रेनची गोळी अगदी कॉमन आहे. म्हणजे ती गोळी बरोबर एक तोळ्याची! आता विचार करा, सोनार गुंजेचा फरक जितक्या काळजीने बघतो, तितक्याच काळजीने पावडर तोलावी लागते.

पावडर "फुटत" नाही, ती जळते

सिनेमामुळे आपल्याला वाटतं, की काडतुसात स्फोट होतो. खरं तर आधुनिक पावडर जळते, फक्त प्रचंड वेगाने. जळताना गरम वायू तयार होतो, त्याचा दाब वाढतो आणि तो गोळीला नळीतून बाहेर ढकलतो. ठिणगीपासून गोळी बाहेर पडेपर्यंतचा सगळा खेळ काही मिलिसेकंदांत आटोपतो.

जुनी काळी दारू गंधक, कोळसा आणि सोरा मिसळून बनायची. १८८४ मध्ये पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची पावडर तयार केली आणि १८८६ च्या फ्रेंच लेबेल रायफलने ती सैन्यात आणली. आज वापरात असलेल्या पावडरी त्याच वंशातल्या. काहींमध्ये नायट्रोग्लिसरीनही असतं, त्यांना डबल बेस म्हणतात.

याच व्हिएलच्या नावाने एक नियम ओळखला जातो. तो समजला की अर्धा विषय समजला. नियम असा: पावडर किती वेगाने जळेल, हे भोवतालच्या दाबावर अवलंबून असतं. दाब वाढला की जळण्याचा वेग वाढतो. आणि वेग वाढला की दाब आणखी वाढतो.

कोडिंग करणाऱ्यांच्या लगेच लक्षात येईल, हा फीडबॅक लूप आहे. म्हणून पावडर १० टक्क्यांनी वाढवली तर दाब १० टक्क्यांनीच वाढेल, असं अजिबात नाही. तो कितीतरी जास्त वाढू शकतो. आणि उलट दिशेने, दाब पुरेसा चढलाच नाही तर लूप सुरूच होत नाही, पावडर अर्धवट जळून विझू शकते.

हे दाब किती असतात, याचा अंदाज येण्यासाठी: कारच्या टायरमध्ये साधारण ३२ पीएसआय हवा असते. घरच्या कुकरची शिट्टी होते तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा साधारण १५ पीएसआय जास्त दाब असतो. .३०-०६ काडतुसाची ठरवून दिलेली कमाल मर्यादा आहे ६०,००० पीएसआय. आणि हे सगळं नेमबाजाच्या गालापासून काही इंचांवर घडतं.

बर्न रेट: काटक्या, फळ्या आणि ओंडके

गावाकडे चूल पेटवताना आपण काय करतो? आधी काटक्या, मग फळ्या, मग ओंडका. लाकूड तेच, पण काटकी भसकन पेटते आणि ओंडका सावकाश जळतो, कारण आगीला मिळणारा पृष्ठभाग वेगळा. पावडरचंही तसंच. दाणा केवढा, चपटा की गोल की नळीसारखा, त्यावर जळणं सावकाश करणारा लेप आहे का, यावरून ती जलद की मंद हे ठरतं. नळीसारख्या दाण्याला मधोमध भोक ठेवण्यात हुशारी आहे. बाहेरून जळताना पृष्ठभाग कमी होत जातो, आतून वाढत जातो, आणि एकूण जळणं बऱ्यापैकी एकसारखं राहतं.

कंपन्या सगळ्या पावडरी जलद ते मंद अशा क्रमाने लावून बर्न रेट चार्ट छापतात. त्यातल्या काही ओळखीच्या नावांचा साधारण क्रम असा: रेड डॉट, युनिक, २४००, एच११०, आयएमआर ४२२७, आयएमआर ४१९८, एच४८९५, एच४३५०. रेड डॉट मुळात शॉटगनसाठी. एच४३५० मोठ्या रायफल काडतुसांसाठी.

पण हा चार्ट फक्त नंबर लावतो. शाळेत पहिला आणि दुसरा नंबर एका मार्काने हुकला की वीस मार्कांनी, हे नुसत्या नंबरावरून कळतं का? नाही. तसंच चार्टवर शेजारी शेजारी असलेल्या पावडरी एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत. चार्ट बघून "ही नाही तर ती" असं करणं ही नवशिक्यांची एक कॉमन चूक मानली जाते.

शिशाची गोळी एवढी नखरेल का?

कारखान्यातल्या साध्या रायफल गोळीवर तांब्याचं आवरण असतं. ती दाब, वेग आणि नळीतलं घर्षण आरामात सहन करते. शिसं मऊ असतं, ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी मिसळून ते कडक करतात. कडकपणा मोजायची पट्टी म्हणजे ब्रिनेल आकडा. शुद्ध शिसं साधारण ५. लायमन नंबर २ नावाचं प्रसिद्ध मिश्रण, म्हणजे ९० टक्के शिसं, ५ टक्के कथील आणि ५ टक्के अँटिमनी, साधारण १५. आणि जुन्या छापखान्यांत वर्तमानपत्राच्या ओळी ओतायला जो लायनोटाइप धातू वापरायचे, तो साधारण २२. छापखाने बदलले तसा हा धातू भंगारात आला आणि गोळ्या ओतणाऱ्यांनी तो उचलला.

ब्रिनेल आकड्याला १,४२२ ने गुणलं की तो पीएसआयमध्ये येतो. त्यावरून जुने लोक एक ढोबळ अंदाज बांधतात, की धातू किती दाबापर्यंत आपला आकार टिकवेल. १५ ला गुणलं तर साधारण २१,०००. म्हणजे .३०-०६ च्या कमाल दाबाच्या एक तृतीयांशाच्या आसपास. हा नियम नाही, फक्त अंदाज आहे. पण मुद्दा कळतो: रायफलची ताकद आणि शिशाची सहनशक्ती यांत मोठं अंतर आहे.

जास्त झालं तर काय होतं? नळीच्या आत मळसूत्रासारख्या खोबण्या असतात, त्या गोळीला फिरवतात. .३०-०६ मध्ये गोळी साधारण १० इंचांत एक फेरी घेते. २,७०० फूट प्रतिसेकंद वेगाने ती निघाली, तर मिनिटाला १ लाख ९४ हजार फेऱ्या होतात. एवढ्या झटक्याने फिरवताना मऊ शिसं खोबण्यांत घसरू शकतं. शिवाय गरम वायू गोळीच्या कडेने निसटला तर तो तिचा बुडाचा भाग खातो आणि नळीत शिशाचा थर बसतो. मग नेम गेला, आणि पुढचा अख्खा तास नळी घासण्यात.

यावर तीन उपाय करतात. एक, गोळी नळीच्या मापापेक्षा केसभर जाड ठेवायची. .३०-०६ ची आवरणवाली गोळी .३०८ इंचाची असते, तर कास्ट गोळी बहुतेक वेळा .३०९ किंवा .३१० ची. दोन, गोळीच्या खोबणीत मेणासारखं वंगण. तीन, बुडाला तांब्याची छोटी टोपी, तिला गॅस चेक म्हणतात. हे सगळं करूनही कास्ट गोळी साधारण १,२०० ते २,००० फूट प्रतिसेकंद या टप्प्यात सर्वात सुखी असते.

आता पावडरचा प्रश्न नीट मांडता येतो. "सर्वात ताकदवान पावडर कोणती?" हा प्रश्नच चुकीचा. बरोबर प्रश्न असा: माझ्या गोळीला झेपेल एवढ्याच दाबावर, दर वेळी सारखीच जळणारी पावडर कोणती?

मग निवड कशी करतात?

.३०-०६ समोर ठेवून तीन रस्ते बघूया.

पहिला रस्ता, जलद पावडर थोडीशी. रेड डॉट किंवा युनिक. कमी दाबावरही व्यवस्थित पेटते, धक्का कमी, आवाज कमी, आणि पावडर इतकी थोडी लागते की एक डबा खूप दिवस पुरतो. हलक्या सरावासाठी हाच रस्ता लोकप्रिय आहे. पण इथेच सर्वात मोठा सापळा आहे. .३०-०६ ची केस मोठी. त्यात जलद पावडर तळाशी थोडीशीच दिसते. चुकून एकाच केसमध्ये दोनदा पावडर पडली तर? ती आरामात मावते. वरून गोळी बसवली की काहीही कळत नाही. आणि जलद पावडर दुप्पट म्हणजे दाब दुप्पट नव्हे, फीडबॅक लूप आठवा. रायफली फुटण्यामागे अशा डबल चार्जचा मोठा हात असतो.

म्हणून अनुभवी लोक सगळ्या केस एका लाकडी ठोकळ्यात उभ्या ठेवतात आणि गोळी बसवण्याआधी टॉर्च लावून एकेका केसमध्ये डोकावतात. टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा. फोन दुसऱ्या खोलीत. ट्रेल बॉस नावाची पावडर तर याच काळजीतून बनवलेली, तिचे दाणे मेदूवड्यासारखे मध्ये भोक असलेले आणि फुगीर, म्हणजे थोड्या वजनात जास्त जागा व्यापणारे.

जलद पावडरची दुसरी अडचण अशी, की रिकाम्या जागेत ती इकडे तिकडे सरकते. रायफल खाली झुकवून वर आणली तर पावडर प्रायमरजवळ, नाही तर गोळीजवळ. त्यामुळे वेग गोळीगणिक बदलू शकतो. ही संवेदनशीलता प्रत्येक पावडरची वेगळी.

दुसरा रस्ता, मधली पावडर. २४००, आयएमआर ४२२७, आयएमआर ४१९८. केस जास्त भरते, दाब जरा सावकाश चढतो आणि गॅस चेक लावलेली गोळी चांगल्या वेगाने जाते. शिकारीसाठी कास्ट गोळी वापरणारे बरेच जण इथे थांबतात.

तिसरा रस्ता, मंद पावडर. एच४८९५ किंवा त्याहून मंद. जड गोळी आणि वरचा वेग हवा असेल तर. दाबाचा कळस तेवढाच ठेवून मंद पावडर गोळीला जास्त वेळ ढकलत राहते, म्हणून वेग जास्त मिळतो. पण शिशासाठी दाब खाली ठेवायचा म्हणून मंद पावडर फार कमी केली, तर ती नीट जळत नाही. नळीत न जळलेले दाणे उरतात, वेग वर खाली होतो. काही अतिमंद पावडरींच्या खूप कमी भरणीत तर उलट दाब अचानक उसळून रायफली फुटल्याच्या घटनाही नोंदल्या आहेत, आणि त्यामागच्या नेमक्या कारणावर अजूनही वाद आहे.

एच४८९५ आणि एच११०: एकाच कंपनीच्या, वागणं उलट

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊया. या दोन्ही पावडरी हॉजडन या अमेरिकन कंपनीच्या. एच४८९५ बद्दल कंपनी स्वतः सांगते, की जिथे त्यांच्या डेटामध्ये या पावडरची भरणी दिली आहे, तिथे कमाल आकड्याच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली येता येतं. ती कमी दाबावरही सहज आणि एकसारखी पेटते. म्हणूनच ती नवशिक्यांच्या आणि कास्ट गोळीवाल्यांच्या आवडीची.

एच११० गोल दाण्यांची, डबल बेस. तिला नीट पेटायला भरपूर दाब लागतो. केस जवळपास भरलेली आणि गोळी घट्ट धरलेली असेल तरच लूप सुरू होतो. तीच पावडर १० टक्के कमी केली तर दाब चढायच्या आधीच आग मंदावू शकते. मग गोळी नळीतून बाहेर न पडता मध्येच अडकते. नेमबाजाला फक्त "फुस्स" असा आवाज येतो. त्याने ते ओळखलं नाही आणि पुढची गोळी झाडली, तर बंद नळीत पूर्ण दाब. पुढचं सांगायला नको.

गंमत अशी, की चॅटबॉटचा "१० टक्के कमी" हा सल्ला हवेतून आलेला नव्हता. बहुतेक पावडरींसाठी मॅन्युअलमध्येही तोच नियम असतो. फक्त त्याच्या शेजारी एक अपवाद छापलेला असतो: एच११० आणि डब्ल्यू२९६ सोडून. हजार वेळा दिसणारा नियम मॉडेलने उचलला आणि एकदा दिसणारा अपवाद गाळला. भाषेच्या दृष्टीने वाक्य परफेक्ट. रायफलच्या दृष्टीने घातक.

नावं आणि एककांचे सापळे

सॉफ्टवेअरमध्ये व्हर्जन नंबर चुकला की बिल्ड फेल होतं. इथे एरर मेसेज येत नाही. बघा:

• एच४८९५ आणि आयएमआर ४८९५. आकडा तोच, पावडरी दोन वेगळ्या. एकीचा डेटा दुसरीला चालत नाही.

• एच११० आणि डब्ल्यू२९६. नावं दोन, पावडर एकच. वर एच४८९५ मध्ये जे खोटं, ते इथे खरं. म्हणजे नावावरून अंदाज बांधायचाच नाही.

• सीयूपी आणि पीएसआय. जुन्या पुस्तकांत दाब तांब्याची छोटी गोल कांडी किती चिरडली यावरून मोजायचे, ते सीयूपी. आता सेन्सर वापरतात आणि पीएसआयमध्ये लिहितात. एकातून दुसऱ्यात जायला भरवशाचं सूत्र नाही.

• ग्रेन आणि ग्रॅम. १ ग्रॅममध्ये साधारण १५.४ ग्रेन. डिजिटल काट्याचं बटण चुकून दाबलं गेलं की खेळ खल्लास.

• गोळी बदलली की हिशोब बदलला. वजन तेच असलं तरी तांब्याच्या आवरणाची गोळी आणि शिशाची गोळी यांचा डेटा वेगळा. गोळी किती खोल बसवली, यावरही आतली जागा आणि दाब ठरतो.

मग टेक्नॉलॉजीचा उपयोगच नाही का?

आहे, आणि चांगला आहे. फक्त कुठे वापरायची हे कळायला हवं. क्विकलोड नावाचं सॉफ्टवेअर केसची जागा, गोळी आणि पावडरचे गुणधर्म घेऊन दाबाचा आलेख काढतं. पण ते मॉडेल आहे, आत दिलेल्या आकड्यांइतकंच खरं. शिशाची मऊ गोळी खोबण्यांत शिरताना तांब्यापेक्षा वेगळी वागते, हे लक्षात न घेता आलेला आलेख फक्त सुंदर दिसतो. जाणकार त्याचा उपयोग तुलना करायला करतात, सुरुवातीचा आकडा ठरवायला नाही.

क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारं यंत्र, त्याहून कामाचं. आता खिशात मावणारे रडारवाले क्रोनोग्राफ आलेत, जे फोनच्या अ‍ॅपला जोडतात आणि प्रत्येक गोळीचा वेग दाखवतात. मॅन्युअलमध्ये जो वेग छापला आहे, त्यापेक्षा तुमचा खूप जास्त येतोय? थांबा, दाब जास्त आहे. खूप वर खाली होतोय? पावडर या दाबावर नीट जळत नाहीये. एका अर्थाने हे लॉग बघण्यासारखंच.

पण सुरुवातीचा आकडा कुठून घ्यायचा, याचं उत्तर एकच: पावडर कंपनीचा किंवा नावाजलेल्या मॅन्युअलचा डेटा. तिथे खऱ्या नळीत सेन्सर बसवून, खरी काडतुसं झाडून दाब मोजलेला असतो. स्क्रीनशॉट, व्हिडिओखालची कमेंट आणि चॅटबॉट, तिघांपैकी कुणीही काहीही झाडून बघितलेलं नसतं, किंवा बघितलं असेल तर त्यांच्या रायफलमध्ये. याच कारणामुळे या लेखात भरणीचा एकही आकडा नाही. तुम्ही ज्याचा स्क्रीनशॉट काढाल, असं काही मला इथे ठेवायचं नव्हतं.

शिशाची गोळी आपल्याकडेही आहे

हा विषय अगदीच परका आहे असं मात्र नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं, आठवतंय ना? त्या प्रकारात .२२ लाँग रायफल काडतूस वापरतात, आणि त्यातली गोळी बिनआवरणाची, वंगण लावलेल्या शिशाचीच असते. वेगही मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेला, म्हणजे मध्येच आवाजाचा वेग ओलांडताना गोळी डगमगत नाही. ती काडतुसं घरी भरत नाहीत, कारखान्यातून येतात. अव्वल नेमबाज एकेका लॉटची चाचणी घेऊन आपल्या रायफलला जुळणारा लॉट निवडतात. शिशाच्या गोळीला ताकदीपेक्षा एकसारखेपणा हवा, हे तत्त्व तिथेही तेच.

मोंटानाच्या मित्राने शेवटी काय केलं? त्याने एच११० चा डबा बाजूला ठेवला आणि त्याच्या गोळीसाठी मॅन्युअलमध्ये ज्या पावडरची सुरुवातीची आणि कमाल, दोन्ही भरणी छापलेल्या होत्या, ती आणली. वेग थोडा कमी मिळतो म्हणाला. पण सुरुवात कुठे करायची आणि कुठे थांबायचं, दोन्ही टोकं कुणीतरी खरोखर मोजलेली आहेत.

पुढच्या वेळी फोनवर कुठल्याही धोक्याच्या गोष्टीचा आकडा मिळाला, औषधाचा डोस असो की बॅटरीचं व्होल्टेज, तेव्हा एवढंच विचारा: हा आकडा कुणी मोजलाय, की कुणी फक्त लिहिलाय?

तुम्हाला एआयने कधी असा छान दिसणारा पण चुकीचा आकडा दिलाय का? कमेंटमध्ये नक्की सांगा.